फ्रान्सच्या खेड्यांतले शांत रस्ते: नकाशापासून मुक्कामापर्यंत

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला निवांत रस्ता हवा असेल तर गजर साडेचारचा लावावा लागतो. सहाच्या आत शहर सोडलं तर तास-दीड तास रस्ता आपला, मग डंपर, मग एसटी, मग सगळेच. फ्रान्सच्या खेड्यांत पहिल्यांदा सायकल घेऊन गेले तेव्हा हीच सवय अंगात होती. भल्या पहाटे सामान बांधून निघाले आणि दहाच्या सुमारास एका ओढ्याच्या पुलावर थांबून हिशोब केला. तीन तासांत अठरा वाहनं भेटली होती. त्यांतले चार ट्रॅक्टर आणि एक पोस्टाची पिवळी व्हॅन.

दुसऱ्याच दिवशी मोबाइलने सुचवलेला सोपा रस्ता धरला आणि दुपारभर मालट्रकांचे झोत सोसत कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून चालवत राहिले. आदल्या दिवशीचा रस्ता तिथून जेमतेम चार किलोमीटरवर होता, मधून एक नदी वाहत होती. त्या दिवसापासून मी नकाशा नीट वाचायला लागले. शांत रस्ते फ्रान्सच्या बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात आहेत, पण ते घरी टेबलावर बसून शोधून काढावे लागतात. ते कसे काढायचे आणि तिथं पोचल्यावर दिवस कसा लावायचा, ते सांगते.

आधी रस्त्याचा नंबर वाचायला शिका

फ्रान्समधल्या रस्त्यांची एकूण लांबी १० लाख किलोमीटरच्या वर जाते. त्यातले साधारण ३,८०,००० किमी जिल्ह्यांचे आणि सुमारे ७,००,००० किमी गावांचे. मोटरवे आणि राष्ट्रीय रस्ते या पसाऱ्यात अगदी थोडे, पण लांबची आणि अवजड वाहतूक बरीचशी त्यांच्यावरूनच जाते. उरलेल्या जाळ्यावर येतात ते शेतकरी, शाळेची बस, डाकवाला आणि आपण. दोन शेजारच्या गावांना जोडणाऱ्या डांबरी वाटा कधी दोन असतात, कधी तीन. वस्ती विरळ आणि डांबर चांगलं, हेच या शांततेचं कारण.

पाटीवर ‘ए’ अक्षर असेल तर तो मोटरवे, सायकलला पूर्ण बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता. बंदीची पाटी नसेल तर कायद्याने चालतो, पण टाळाच. ‘डी’ म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आपलं मुख्य काम याच्याशी. ‘सी’ किंवा ‘व्हीसी’ म्हणजे गावचा रस्ता, बहुतेक एकेरी रुंदीचा, कधी मधोमध गवताची रेघ असलेला. जुने मैलाचे दगड अजून कडेला दिसतात. राष्ट्रीय रस्त्यावरच्या दगडाचा माथा लाल असतो, जिल्ह्याच्या रस्त्यावरच्या दगडाचा पिवळा.

ढोबळ नियम असा सांगतात की ‘डी’पुढचा आकडा जितका मोठा तितका रस्ता लहान. नियम बरा आहे, पण त्यात एक खड्डा आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय रस्त्यांचा मोठा भाग जिल्ह्यांकडे सोपवला गेला आणि त्यांना नवे ‘डी’ नंबर मिळाले. पॅरिसहून दक्षिणेला जाणारा जुना एन २० लॉत जिल्ह्यात डी ८२० झाला, तर ऑर्लेआंच्या बाजूला डी २०२०. आकडा बघून गल्ली वाटेल, प्रत्यक्षात जुना हमरस्ता. म्हणून नंबर वाचा, पण त्यावर विसंबू नका. खरी ओळख नकाशाच्या रंगात आहे.

नकाशावरून मार्ग काढणं

मी अजूनही कागदी नकाशा विकत घेते. मिशलँचा १:१,५०,००० प्रमाणाचा स्थानिक नकाशा, म्हणजे १ सेंमीला दीड किलोमीटर, सायकलसाठी उत्तम. लाल रस्ते मोठे, पिवळे मधले, पांढरे लहान. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य म्हणून नोंदलेला. चढावर बाणाच्या टोकांसारख्या खुणा असतात. एक खूण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन त्याहून जास्त, आणि टोक चढाच्या दिशेला. दोन खुणांचा रस्ता पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या सामानाच्या पिशव्या, लावून चढायचा म्हणजे काय, हे सिंहगडाच्या वाटेवर सामानासकट एकदा जाऊन बघा, मग नकाशा वेगळ्याच नजरेने वाचाल.

पहिलं काम, प्रदेश निवडणं. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, म्यूज जिल्ह्यापासून लांदपर्यंत, फ्रान्समध्ये विरळ वस्तीचा एक तिरपा पट्टा आहे. तिथले लोक त्याला रिकामा कर्ण म्हणतात. क्रझ, लॉत, लोझेर असे जिल्हे त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला येतात. समुद्रकिनारा, प्रॉव्हान्सचा उन्हाळी भाग आणि मोठ्या शहरांभोवतीचा तीस-चाळीस किलोमीटरचा परिसर पहिल्या खेपेला सोडून द्या.

मग रेल्वे स्टेशन शोधा. सुरुवात आणि शेवट स्टेशनच्या गावात असला की अर्धी चिंता मिटते.

मग रोजच्या मुक्कामाची गावं ठरवा आणि त्यांना जोडणारा लाल किंवा पिवळा रस्ता बोटाने शोधा. तो शोधायचा टाळण्यासाठी. तो सापडला की दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा धुंडाळा. नदीचं खोरं असेल तर पलीकडचा काठ बघा. मोठा रस्ता आणि रेल्वे बहुधा एकाच काठाला धरून जातात, समोरच्या काठाने गावांना शिवत जाणारा लहान रस्ता रिकामा राहतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी सहल निम्मी सुधारते. मोटरवेला समांतर जाणारा जुना हमरस्ताही कधी कधी रिकामा सापडतो, पण तो रुंद, सरळ आणि रटाळ असतो. मला त्यापेक्षा वळणावळणाचा दहा किलोमीटरचा जादा फेरा परवडतो.

कागदावर रेघ ठरली की संगणकावर तपासणी. फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यांवर अगदी बारीक वाटा दिसतात. कोमूट किंवा ब्राउटर या मार्ग आखायच्या साधनांवर चढ-उताराचा आलेख काढा. सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर सायकलवाले कुठून जातात ते दिसतं. कुठला रस्ता टाळावा हे स्थानिक क्लबांच्या लोकांइतकं कोणाला माहीत असणार! शंका असलेल्या दोन-तीन ठिकाणी रस्त्याची छायाचित्रं उघडून बघा. मधोमध पांढरी रेघच आखलेली नसेल तर रस्ता बहुधा आपल्या कामाचा. शेवटी मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. खोल खोऱ्यांत नेटवर्क जातं, आणि जातं ते नेमकं तिठ्यावरच.

अंतर किती धरायचं? सपाटीवर रोज ८०-९० किमी करणाऱ्याने इथं सामानासकट ५० ते ६० धरावं. बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेतल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना हे कमी वाटेल. पण गावं बघायची आहेत आणि बेकरीसमोर पाय पसरून बसायचं आहे. ते वेळापत्रकात बसवलं नाही तर होत नाही.

महिना, वार आणि दिवसातली वेळ

मे, जून आणि सप्टेंबर. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अर्धा देश सुट्टीवर असतो, राहायला जागा मिळत नाही आणि दक्षिणेत ऊन भाजून काढतं. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या असतात, असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्याही मे-जूनमध्येच येतात, तेव्हा आरक्षण आधी करा. सप्टेंबरपासून शिकारीचा मोसम सुरू होतो. रानातून बंदुकीचे आवाज येतात, विशेषतः रविवारी. डांबरी रस्त्यावर घाबरायचं काही नाही, पण अंगात भडक रंगाचा टीशर्ट असावा आणि रानवाटेत शिरू नये.

दिवसातली सर्वांत शांत वेळ कुठली, असं विचारलं तर कोणीही पहाट सांगेल. माझं उत्तर दुपारी बारा ते दोन. बाराच्या ठोक्याला गाव जेवायला बसतं. दुकानं बंद होतात, ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो आणि जिल्हा रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चिटपाखरू फिरकत नाही. मात्र याचा फायदा घ्यायचा तर भाकरीची सोय बाराच्या आत झालेली हवी. सकाळी साडेसात ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा ही कामावर जायची-यायची वेळ, तेवढी गावाच्या आसपासच्या पिवळ्या रस्त्यांवर टाळा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाईला कारणच उरत नाही.

सायकल, गिअर आणि रेल्वे

स्वतःची सायकल न्यायची तर विमान कंपनीचे खोक्याचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा. आठवडाभराचीच सहल असेल तर भाड्याची सायकल सोयीची. टायर निदान २८ मिमीचे, शक्यतो ३२. पुढे पेडलपाशी छोटी चेनरिंग आणि मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये, म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचात, ३२ किंवा ३४ दात्यांची चकती असेल तर चढावर उतरून ढकलावं लागत नाही.

भाड्याची सायकल हातात आली की पहिल्यांदा ब्रेक तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला. उतारावर सवयीने डावा लिव्हर करकचून दाबला तर पुढचं चाक जाम होतं. दुकानाच्या अंगणात दहा मिनिटं गोल फिरून हाताला नवी सवय लावा.

रेल्वेत सायकल नेता येते, पण प्रत्येक गाडीचा रिवाज वेगळा. टीईआर म्हणजे प्रादेशिक गाड्या. यांत सायकल बहुतेक ठिकाणी मोफत, जागा मात्र मोजक्या, आणि काही प्रदेशांत उन्हाळ्यात आधी जागा धरावी लागते. लांब पल्ल्याच्या आँतेरसिते गाड्यांत सायकलचं वेगळं आरक्षण लागतं, साधारण १० युरो. टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांपैकी काहींतच उभी सायकल घेतात, एरवी चाकं काढून बॅगेत भरावी लागते. गाडी येण्याआधी पॅनिअर काढून हातात घ्या आणि दारावर सायकलचं चित्र असलेला डबा शोधा. गाडी खेड्याच्या स्टेशनवर एखाद-दोन मिनिटंच थांबते, आणि आतला सायकलचा हूक बराच उंच असतो.

उजवी बाजू, आणि उजवीकडून येणारा

भारतातून गेलेल्याला रहदारीपेक्षा रिकामा रस्ता जास्त धोक्याचा. समोरून गाड्या येत असल्या की आपण आपोआप उजवीकडे राहतो. रस्ता मोकळा असला की जुनी सवय डोकं वर काढते. एकदा पाणी भरून मी पुन्हा सायकलवर बसले आणि बिनधास्त डाव्या बाजूने दोनशे मीटर गेले. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, चालकाने थांबून नुसता हात उजवीकडे केला. तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. हँडलच्या उजव्या टोकाला लाल दोरा बांधते, आणि थांबताना सायकल नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेला, जायच्या दिशेला तोंड करून उभी करते. चूक होते ती बहुतेक वेळा थांबून निघताना.

दुसरी गोष्ट उजव्या हाताच्या अग्रक्रमाची. जिथं पाटी नाही तिथं उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही लहान असो. गावात याचा हमखास प्रत्यय येतो. आपण मुख्य रस्त्यावरून जात असतो आणि घरामागच्या बोळातून एखादी गाडी न बघता बाहेर येते. चूक तिची नसते. पिवळ्या चौकटीची पाटी टोकावर उभी केलेली दिसली की समजा, अग्रक्रम आपल्या रस्त्याला. त्यावर काळी तिरपी रेघ आली की तो संपला. लाल किनारीच्या त्रिकोणात काळी फुली असेल तर पुढच्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यायची. गोल चौकात शिरताना डावीकडे बघायचं, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने.

गावाच्या नावाची लाल किनारीची पांढरी पाटी लागली की वेगमर्यादा ५० झाली असं धरा. त्याच पाटीवर तिरपी लाल रेघ म्हणजे गाव संपलं. गावाबाहेर दुहेरी रस्त्यांवर जुलै २०१८ पासून मर्यादा ८० आहे, काही जिल्ह्यांनी मात्र आपल्या काही रस्त्यांवर पुन्हा ९० केली आहे. ओलांडून जाणाऱ्या गाडीने सायकलपासून गावात १ मीटर आणि गावाबाहेर १.५ मीटर अंतर ठेवायचं असतं. बहुतेक जण ते ठेवतात, आणि न दिसणाऱ्या वळणावर हॉर्न न वाजवता मागे थांबून राहतात. हात वर करून आभार माना, त्यांना ते आवडतं.

आपल्यावरचे नियम थोडक्यात. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल, घंटी आणि रिफ्लेक्टर. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं. हेल्मेटची सक्ती १२ वर्षांखालच्या मुलांना, पण मोठ्यांनीही घालावंच. कानात इअरफोन घालायला २०१५ पासून बंदी आहे आणि दंड १३५ युरोचा. दोघांना शेजारी-शेजारी चालवता येतं, मागून गाडी आली की एकामागे एक व्हायचं. अडचणीला ११२ हा नंबर.

एका पाटीचं नाव मात्र पाठच करून ठेवा: ग्राव्हियाँ. उन्हाळ्यात जिल्हे रस्त्यावर डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम वाहतुकीवर सोपवतात. खडी चाकांच्या दोन पट्ट्यांतून उडून मधे आणि कडेला साचते. मी एका उतारावरच्या वळणावर तिच्यात शिरले आणि पुढचं चाक साबणावरून सरकावं तसं गेलं. गुडघ्यातली खडी काढायला गावच्या औषधाच्या दुकानात बसावं लागलं. पाटी दिसली की वळणाआधीच वेग उतरवा, गाड्यांच्या चाकांनी साफ केलेल्या पट्टीतून जा, आणि वळणात ब्रेकला हात लावू नका. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखायचं.

पाणी, भाकरी, निवारा

पाणी कुठं मिळतं? कब्रस्तानात. फुलझाडांना घालायला तिथं नळ असतो, आणि कब्रस्तान प्रत्येक गावाला असतं, गावाबाहेर भिंतीने वेढलेलं. फ्रेंच सायकलवाले पिढ्यानपिढ्या तिथंच बाटल्या भरत आले आहेत. फाटक हळू उघडा, लावून घ्या, आणि नळावरची पाटी वाचा. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं पाणी, ‘नाँ पोताब्ल’ असेल तर पिऊ नका. चर्चजवळ किंवा मेरी, म्हणजे गावच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीजवळ, सार्वजनिक स्वच्छतागृह बऱ्याचदा सापडतं.

बेकरी सकाळी लवकर उघडते. दुकानं दुपारी मिटतात, रविवारी दुपारनंतर गाव झोपलेलं असतं आणि सोमवारी बरंचसं बंद. सहल शनिवारच्या सकाळी बाजाराच्या गावातून सुरू करा आणि पिशवी भरून घ्या. आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणा, बाकी सगळं त्यानंतर. आपण घाईत थेट मागणी करतो, ते तिथं उद्धट वाटतं.

शाकाहारी लोकांनी जरा तयारीने जावं. बेकरीतल्या कीशमध्ये, म्हणजे अंडं-सायीच्या खारट पायमध्ये, सहसा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, हिरव्या सॅलडमध्येही लपलेले सापडतात. ‘साँ व्हियांद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासा येऊ शकतो. पाव, चीज, टोमॅटो, अंड्याचं ऑम्लेट, बकरीच्या चीजचं सॅलड एवढ्यावर दिवस छान निघतो. मी मेतकूट आणि भाजणीची पुडी ठेवते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी घरीच ठेवा.

निवाऱ्याला चार प्रकार. ग्रामपंचायतीचं कँपिंग स्वस्त. शाँब्र दोत म्हणजे कुणाच्या घरातली खोली, सकाळचा नाश्ता धरून. जीत देताप हा पदयात्रींचा मुक्काम, डॉर्मिटरी आणि स्वयंपाकघर. आणि साधी हॉटेलं. ‘आक्यय व्हेलो’ हे चिन्ह दिसलं तर ती जागा एखाद्या नोंदणीकृत सायकलमार्गापासून ५ किमीच्या आत असते आणि सायकलला बंद खोली देते. निघण्याआधी फोन किंवा ईमेल करून किती वाजता पोचाल ते कळवा. खेड्यात जेवण सांगून ठेवावं लागतं. थोडी रोकड बाळगा, लहान गावांत एटीएम नसतं.

व्हिसाच्या कागदांत ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. तो घेताना सायकलवरचा अपघात त्यात धरला आहे का, ते लेखी विचारून घ्या.

एक मार्ग, बोट धरून: सेले आणि लॉतची खोरी

आता हे सगळं एका मार्गावर लावून बघू. नैर्ऋत्येकडचा लॉत जिल्हा. फिजाकहून निघून फिजाकलाच परतणारा सुमारे ११० किमीचा फेरा. दमदार सायकलवाला एका दिवसात करेल. मी तीन दिवस सांगते.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्रीव्हची गाडी, तिथून टीईआरने फिजाक. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शाँपोलियाँ इथं १७९० मध्ये जन्मला. त्याच्या घराजवळच्या चौकात, ती लिपी उलगडायला ज्या शिलालेखाचा आधार मिळाला त्या रोझेटा शिलेची प्रचंड मोठी प्रतिकृती जमिनीवर पसरली आहे, लोक त्या अक्षरांवरून चालतात. शनिवारी सकाळी बाजार भरतो. दोन दिवसांचं खाणं घ्या, कारण पुढच्या खोऱ्यात दुकानांचा भरवसा नाही.

फिजाकमधून पश्चिमेला निघताना पहिले काही किलोमीटर वर्दळ असते, तेवढी सोसा. मग डी ४१ हा रस्ता सेले नदीला धरतो आणि लांबवर तिचा हात सोडत नाही. कॉर्न, मग एस्पान्याक-सँत-युलाली, ब्रांग, मार्सियाक, सोलियाक, काब्रेरे. एका बाजूला पॉप्लरची झाडं आणि संथ पाणी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचे कडे, काही ठिकाणी थेट रस्त्यावर झुकलेले. कड्यांच्या पोटातल्या गुहा दगडी भिंतींनी बंद केलेल्या दिसतात, त्यांना तिथं इंग्रजांचे किल्ले म्हणतात. रस्ता नदीकाठचा असला तरी सपाट नाही; सारखा थोडा वर, थोडा खाली. एस्पान्याकला जुन्या मठाचा लाकडी चौकटीचा घंटामनोरा बघायला थांबा. मार्सियाकला बेनेडिक्टाइन मठाचे भग्नावशेष आहेत, छप्पर गेलेलं, आत गवत. पहिला मुक्काम इथं किंवा काब्रेरेला. याच खोऱ्यातून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रामार्गाची एक शाखा जाते, म्हणून इतक्या छोट्या गावांतही यात्रींचे मुक्काम आहेत.

मार्सियाकला संध्याकाळी ताकद उरली असेल तर सामान खोलीत ठेवून वरच्या पठारावर जाऊन या. दीड-दोनशे मीटरचा चढ, आणि वर पोचल्यावर सगळंच बदलतं. ते कॉस. कोकणातल्या सड्यासारखं उघडं, पाणी धरून न ठेवणारं माळरान. खुरटे ओक, दगडावर दगड रचून बांधलेले लांबच लांब गडगे, त्यांत मधेच मेंढपाळाची दगडी झोपडी. मेंढ्या पांढऱ्या आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा घातल्यासारख्या. मी थांबले तर एक कळप गडग्यापर्यंत आला आणि चष्मे लावून माझ्याकडे बघत उभा राहिला. घंटांचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नव्हता. पाणी मात्र खालूनच भरून न्या. पावसाचं पाणी चुनखडीत मुरून जातं, वर ओढेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी काब्रेरेवरची पेश मेर्लची गुहा. १९२२ मध्ये दोन मुलांनी शोधलेली, आत सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे ठिपक्यांचे घोडे. दिवसाला ७०० जणांनाच आत सोडतात, म्हणून तिकीट आठवडाभर आधी काढा. गावापासूनचा चढ लहान पण तिखट आहे. आत गार असतं, घामेजलेल्या अंगावर घालायला जॅकेट ठेवा.

काँड्युशेला सेले लॉत नदीला मिळते. इथं मोठा डी ६६२ भेटतो. त्याच्यावर जेमतेम थोडं अंतर जायचं आणि बूझियेसचा अरुंद पूल ओलांडून पलीकडचा काठ धरायचा. तिथून डी ४० चढत सँ-सिर्क-लापोपीला जातो. नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलेलं हे गाव दिवसा पर्यटकांनी फुलून जातं. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर पोचा, मग गल्ल्या तुमच्या. खाली नदीकाठी कड्यात कोरलेली बोटी ओढायची जुनी वाट आहे, पण ती चालणाऱ्यांची. सायकल वर ठेवून पायी जा.

तिसऱ्या दिवशी डी ८ ने क्रेगोल, सेनेव्हियेर, काल्व्हिन्याक. या फेऱ्यातला माझा सर्वांत लाडका तुकडा हाच. समोरच्या काठावरून गाड्यांचा आवाज पाण्यावरून ऐकू येतो आणि आपण अक्रोडाच्या झाडांखालून जात असतो. काल्व्हिन्याकनंतर पूल ओलांडून लार्नागोल आणि मग काजार्क. तिथून डी ६६२ सरळ फिजाकला जातो. वेळ असेल तर काजार्कचा पूल ओलांडून आव्हेरों या शेजारच्या जिल्ह्याच्या बाजूने, लहान गावांतून जा, पुढे कुठल्याही पुलावरून परत या.

लॉतमधला चढ-उतार नको असेल, मुलं किंवा वयस्क आई-वडील सोबत असतील, तर बरगंडीत जिव्हरी ते क्लुनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा हिरवा मार्ग घ्या. १९९७ मध्ये खुला झालेला, ४४ किमी, गाड्यांना बंदी. आणि बीआरएमवाल्यांनी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या वाटेवरचा पर्श हा प्रदेश सवडीने बघावा. १२०० किमी ९० तासांत करताना रात्री अडीच वाजता घरासमोर टेबल मांडून कॉफी देणारी ती गावं दिवसाच्या उजेडात पाहण्यासारखी आहेत. महाराष्ट्रातून तिथं जाऊन आलेले बरेच जण आहेत, त्यांना विचारा.

लॉतच्या फेऱ्यात शेवटचा चढ फेसेलचा. गाव डोंगरकडेला आहे, तिथून लॉतचं खोरं शेवटचं दिसतं आणि मग रस्ता सेलेकडे उतरायला लागतो. फिजाकचं स्टेशन नदीच्या दक्षिण काठावर, जुनं गाव उत्तर काठावर. गाडीला तासाहून कमी वेळ असेल तर पूल ओलांडू नका, आधी स्टेशनवर जाऊन पॅनिअर उतरवून ठेवा.